संगत बदलली की सवय बदलते



“त्याचा स्वभावच तसा आहे, तो काही सुधारायचा नाही.” वस्तीत हे वाक्य रोज कुणाबद्दल तरी ऐकू येते. कधी ते दारू पिणाऱ्या भावाबद्दल असते, कधी शाळा बुडवणाऱ्या पोराबद्दल, कधी कुणाशीच न बोलणाऱ्या सुनेबद्दल. एकदा हे वाक्य बोलले की आपली जबाबदारी संपते. स्वभावाला औषध नाही, असे आपण धरून चालतो.

या महिन्याच्या आरोग्य पानावर हेच वाक्य तपासून पाहू. माणसाचे वागणे त्याच्या आतून किती येते आणि भोवतालच्या माणसांकडून किती येते? हा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण आपल्या घरातली तंबाखू, दारू, मारहाण, मुलांचे शिक्षण आणि मनाचे आजार या सगळ्यांचे उत्तर त्याच्याशी बांधलेले आहे. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या आटपाडीजवळच त्याचे एक मोठे उदाहरण आहे.

भिंत नसलेला तुरुंग

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. संस्थान लहान, सगळी मिळून ७२ गावे आणि तीही विखुरलेली. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत सुरू केली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. या कल्पनेमागे मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरचा मोठा हात होता.

वसाहतीला तुरुंगाची भिंत नव्हती. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे इथे शेती करू लागली. बायको आणि मुलांसह ती घर करून राहू लागली. पळून जायचे ठरवले असते तर माणदेशाचा उघडा माळ चारी बाजूंना होता. तरीही वसाहत टिकली. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण स्वतंत्रपूर बंद पडले नाही. आजही ते महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे.

व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर अशी ती कथा. तिची प्रेरणा स्वतंत्रपूरची आहे आणि ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच आटपाडी तालुक्यातले.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कैदी तेच, त्यांचे हात तेच, त्यांचा भूतकाळही तोच. बदलले ते भोवतालचे नाते. कोठडीत त्याच्याशी बोलणारे दोनच होते, एक शिपाई आणि दुसरा गुन्हेगार. वसाहतीत सकाळी उठल्यावर त्याला बायको दिसते, पोर दिसते, पाणी पाजायचे पीक दिसते. कुणीतरी आपल्यावर विसंबून आहे हे दिसते. ज्याच्यावर कुणी विसंबून असते, तो माणूस वेगळा वागायला लागतो.

त्याच काळातले कुंपण

आता याच्या उलट उदाहरण पाहू. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी अशा अनेक जमातींतल्या माणसांवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का बसला. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. आत राहणाऱ्याने चोरी केली आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. त्याचा बाप कोण, एवढे पुरे होते. रोज हजेरी, जायला-यायला परवानगी. हा कायदा १९५२ साली ३१ ऑगस्टला रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

एकीकडे शिक्षा झालेल्या माणसाला भिंतीशिवाय राहू दिले. दुसरीकडे काहीच न केलेल्या लेकराला तारेच्या आत जन्म घ्यावा लागला. खुद्द आटपाडीतही तेव्हा महारवाडा होता आणि गावकीची कामे करणारी आपली घरे होती. शंकरराव खरात १९२१ साली याच आटपाडीत जन्मले. त्यांचे वडील गावचे तराळ. खरातांनी आपल्या आत्मचरित्राचे नावच ‘तराळ-अंतराळ’ ठेवले. तराळाचा मुलगा गावाने ठरवलेल्या जागी राहिला असता तर तराळच झाला असता. शिक्षण आणि बाबासाहेबांच्या चळवळीने त्याच्याभोवतीची माणसे बदलली. तो वकील झाला, लेखक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला.

आपल्या समाजाला म्हणून हा धडा नवा नाही. “यांचा स्वभावच असा” हे वाक्य हजारो वर्षे आपल्याबद्दल बोलले गेले. ते खोटे होते हे आपण जगून दाखवले. मग तेच वाक्य आपण आपल्याच वस्तीतल्या माणसाबद्दल का वापरावे?

अंगुलिमाल आणि संघ

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेचा वेगळा भाग ठेवला आहे. त्यात अंगुलिमाल आहे. कोसल देशात त्याच्या भीतीने रस्ते ओस पडले होते. लोकांनी अडवले तरी भगवान बुद्ध त्याच रस्त्याने चालत गेले. त्यांनी त्याच्याशी संवाद केला आणि त्याला संघात घेतले. पुढे राजा प्रसेनजित त्याला पकडायला निघाला, तेव्हा तोच माणूस त्याला भिक्षूच्या वेशात शांत बसलेला दिसला.

ही गोष्ट आपण इथे थांबवतो, पण पाली ग्रंथांत ती पुढे जाते. अंगुलिमाल भिक्षेला गावात गेला की लोक दगड मारायचे. डोके फुटलेल्या अवस्थेत तो परत यायचा. बुद्धांनी त्याला सोसायला सांगितले आणि संघाने त्याला सोडले नाही. बदलणाऱ्या माणसाला दोन्ही गोष्टी भेटतात. जुनी ओळख धरून दगड मारणारे खूप असतात. परत आल्यावर जागा देणारे थोडे असले तरी चालतात, पण ते असावे लागतात.

संगत माणसावर कशी काम करते

संगतीचा परिणाम तीन वाटांनी होतो.

पहिली वाट अनुकरणाची. तान्हे मूल आईच्या चेहऱ्याकडे बघून हसायला शिकते. पुढे आपण चालणे, बोलणे, शिवी देणे आणि नमस्कार करणे सगळे बघूनच शिकतो. आटपाडी-खानापूर भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोने-चांदी गाळायचे हे काम पोरे शाळेत शिकली नाहीत. गावच्या कुणाच्या तरी शेजारी बसून, बघून बघून शिकली. तंबाखूचा बार भरायला पोर याच पद्धतीने शिकते. काकाच्या शेजारी बसून, चुन्याची डबी आणून देता देता.

दुसरी वाट अपेक्षेची. लोक आपल्याकडून जे धरून चालतात, तसे आपण होत जातो. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते. शाळेची अपेक्षा तेवढीच होती. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. एका माणसाने वेगळी अपेक्षा ठेवली. बुद्धचरित्राच्या त्या भेटीपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंतची वाट आपल्याला ठाऊक आहे.

तिसरी वाट जागा गमावण्याच्या भीतीची. आपल्या माणसांत आपली जागा राहावी यासाठी माणूस खूप काही करतो, चांगले आणि वाईटही. मित्रांनी ग्लास पुढे केला तर “नको” म्हणणे जड जाते. त्याला चव आवडते म्हणून पोरगा पहिला घोट घेत नाही. कट्ट्यावर आपल्याला जागा राहणार नाही या भीतीने घेतो.

व्यसन एकट्याचे नसते

आपल्या बायका मिश्री लावतात ती पाहा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, सकाळी दाताला लावायची. सासू लावते, जाऊ लावते, शेजारीण चिमूटभर मागायला येते. दोन घटका बसून सुखदुःख बोलायची तीच वेळ असते. मिश्री सोडायची तर नुसती तंबाखू सुटत नाही, ती बैठकही सुटते. म्हणून डॉक्टरने “सोडा” म्हटल्यावर बाई मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो आणि गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. उपाय शोधताना बैठक ठेवून तंबाखू काढावी लागते.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावी १२,०६७ माणसांच्या सवयी आणि नाती ३२ वर्षे अभ्यासली गेली. २००८ साली निष्कर्ष छापून आले. नवराबायकोपैकी एकाने सिगारेट सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झाली. भावंडाने सोडल्यावर २५ टक्क्यांनी आणि मित्राने सोडल्यावर ३६ टक्क्यांनी. माणसे सुटी सुटी नाही, घोळक्याने व्यसन सोडत होती.

दुसरे उदाहरण व्हिएतनाम युद्धाचे. १९७१ च्या सुमारास तिथल्या अमेरिकन सैनिकांत साधारण पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. नशा उतरवून त्यांना घरी पाठवले. अमेरिकेत सगळे घाबरले होते. ली रॉबिन्स या अभ्यासक बाईंनी पाठपुरावा केला तेव्हा पहिल्या वर्षात त्यांतल्या शंभरातल्या साधारण पाच जणांनाच पुन्हा व्यसन जडल्याचे दिसले. युद्धाची छावणी, भीती आणि नशा करणारे सोबती मागे राहिले होते. घर, काम आणि नाती पुढे होती.

यावरून एक व्यवहारी गोष्ट कळते. व्यसनमुक्ती केंद्रातून महिनाभराने चांगला होऊन आलेला माणूस त्याच कट्ट्यावर, त्याच चार जणांत जाऊन बसला तर सवय परत यायला वेळ लागत नाही. आपण म्हणतो, “बघा, स्वभाव गेला नाही.” खरे तर त्याची संगत गेलेली नसते. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करते. तिथे घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात आणि बाहेर पडल्यावरही माणसाला गटाशी जोडून ठेवतात, ते याचसाठी.

सगळ्यांनी मिळून सोडले म्हणून सुटले

आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी सवयबदलाची मोहीम कोणत्याही दवाखान्यात झाली नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका असे सांगितले. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आणि पोटाचा प्रश्न, दोन्ही होते. तरी ती सुटली, कारण ती एकेकट्याने सोडायची नव्हती. गावोगावी बैठका झाल्या, ठराव झाले, वाडेच्या वाडे बदलले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. पुढे बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आली. तीही एका मैदानात लाखोंनी एकत्र उभे राहून घेतली.

आज मात्र आपण प्रतिज्ञा सामूहिक घेतो आणि ती पाळायची जबाबदारी एकट्याच्या अंगावर टाकतो.

एकाचा “नाही” दुसऱ्याला बळ देतो

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या रेघांत कोणती रेघ दुसरीएवढी लांब आहे हे सांगायचे. उत्तर उघड दिसत होते. पण खोलीतली बाकीची माणसे आधीच शिकवून ठेवलेली होती आणि ती मुद्दाम चुकीचे उत्तर द्यायची. चारातल्या तिघांनी कधी ना कधी स्वतःचे डोळे सोडून घोळक्याचे उत्तर दिले. मग ॲशने एक बदल केला. त्या खोलीत खरे उत्तर देणारा एकच सोबती ठेवला. घोळक्यामागे जाणे लगेच फार कमी झाले.

कट्ट्यावर “मी घेत नाही” म्हणणारा एक जण बसला तर दुसऱ्याला तेच म्हणणे सोपे होते. यालाच आपल्याकडे कल्याणमित्र म्हणतात. आनंदाने एकदा म्हटले की चांगली मैत्री म्हणजे अर्धे धम्मजीवन. बुद्धांनी त्याला दुरुस्त केले, ती अर्धे नाही, पूर्ण धम्मजीवन आहे. सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश करताना त्यांनी खोटे मित्र कोणते आणि खरे मित्र कोणते हे एक एक करून सांगितले. दारूच्या वाटेवर सोबत करणारा खोट्यांत मोजला आणि सुखदुःखात सारखा राहणारा खऱ्यांत.

घरी आणि विहारात काय करता येईल

१. शिक्का काढा. “दारुडा”, “वेडी”, “ढ” ही हाक बंद करा. माणसाला नावाने आणि नात्याने हाक मारा. चुकीच्या वागण्याला चूक म्हणा, माणसाला नको.

२. जबाबदारी द्या. व्यसन सोडू पाहणाऱ्याला विहाराची किल्ली, रविवारच्या वंदनेची सतरंजी, मुलांच्या अभ्यासवर्गाचे पाणी असे छोटे पण रोजचे काम द्या. स्वतंत्रपुरात शेत होते, आपल्याकडे विहार आहे.

३. दोघांनी मिळून सोडा. नवराबायकोने, दोन जावांनी किंवा दोन मित्रांनी एकच दिवस ठरवावा. तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ जोडीदाराला फोन करा, पाणी प्या, चार पावले चाला. पहिले दोन-तीन आठवडे जड जातात.

४. वर्षावासाचा उपयोग करा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते. माणसे रोज भेटतातच. वाचनानंतर दहा मिनिटे व्यसन सोडणाऱ्यांसाठी ठेवा. आज दिवस कसा गेला एवढेच विचारा. उपदेश नको.

५. बैठक वाचवा. मिश्रीच्या वेळी चहा, बडीशेप किंवा बचत गटाचा हिशोब ठेवा. बायकांना बोलायची जागा हवीच आहे.

६. पडला तर परत घ्या. सोडलेले व्यसन पुन्हा सुरू होणे हे आजारात होतेच. त्या दिवशी हसू नका आणि दारही लावू नका.

७. गप्प झालेल्याकडे जा. जी बाई, म्हातारा किंवा पोर लोकांत यायचे बंद झाले आहे, तिथे आठवड्यातून एकदा कुणीतरी जावे. एकटेपणाने उदासी वाढते आणि उदासीने एकटेपणा.

इथे मात्र डॉक्टर हवाच

संगतीने सगळे होते असे आम्ही म्हणत नाही. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, झटके, भास होणे, बरळणे असे होऊ शकते. यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला घरात कोंडू नका, बांधू नका, अंगारा-धुपारा करू नका. ग्रामीण रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू बंद करा. कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका.

मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, दारू व इतर नशेसाठी १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो.

कल्याणमित्र होणे म्हणजे मार खात राहणे नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. नवरा मारत असेल तर बाईने आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्यावे. महिला मदतीसाठी १८१, तातडीला ११२. नवऱ्याला सुधारायची जबाबदारी एकट्या बायकोची नाही, ती वस्तीची आहे.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

- आपल्या वस्तीत कोणत्या माणसाला आपण “हा सुधारायचा नाही” असे ठरवून टाकले आहे? त्याच्याशी शेवटचे चांगले बोलणे कधी झाले?
- आपल्या घरात मुले काय बघून शिकत आहेत? तीन गोष्टी सांगा.
- विहारात कोणते काम आपण अशा माणसाच्या हाती देऊ शकतो?
- पुढच्या वर्षावासात कोणकोण जोडीने व्यसन सोडायला तयार आहे? नावे स्वतःहून द्यावीत, कुणी दुसऱ्याचे नाव देऊ नये.

चर्चा झाली की शेवटच्या प्रश्नाची यादी विहारातल्या वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या पौर्णिमेला ती उघडा. त्या दिवशी यादीतला जो आला नसेल त्याच्या घरी दोघांनी जाऊन यावे.

भवतु सब्ब मंगलं.